मोकळी फ्रिक्वेन्सी

४ फेब्रुवारी

डोंगरमाथ्यावरच्या खोलीची किल्ली आज हातात पडली. खोली म्हणजे चार भिंती, वर पत्रा आणि शेजारी गंजायला लागलेला मनोरा. वारा असा की बोललेलं तोंडातच परत जातं. पेन्सिल म्हणाला, "दादा, इथे राहायला माणूस मिळणार नाही." म्हटलं, "मी राहीन. मला घरातही कोणी माणसात धरत नाही."

पेन्सिल म्हणजे माझा इंजिनियर. कानावर कायम पेन्सिल, आणि नकाशा दिसला की रेघ मारल्याशिवाय चैन पडत नाही. आज त्यानं मारलेली रेघ माझ्या आजवरच्या धंद्यातली सगळ्यात लांब. या माथ्यापासून थेट खोऱ्यातल्या गावापर्यंत, मधे काही आडवं येत नाही. इथे अँटेनाची एक तबकडी, तिथे पाण्याच्या टाकीवर दुसरी, समोरासमोर. नदीकाठच्या रस्त्यानं गेलेली जुनी केबल दर पावसाळ्यात दरडीखाली जाते आणि गाव आठवडा आठवडा मुकं होतं. ते आता संपलं. दवाखाना, एक्स्चेंज, सगळ्यांचे फोन आमच्या तबकडीवरून जातील. पावसाच्या आत.

एकेकाळी असल्याच मनोऱ्यांवर मी दुसऱ्यांसाठी रोजानं चढायचो. आज किल्ली माझ्या खिशात आहे. दोनदा चाचपून बघितली, खोटं कशाला सांगू.

आक्काला फोन केला. ती त्याच गावात असते, खालच्या आळीत, नदीला अगदी लागून. आई गेल्यावर तिनंच मला मोठा केला. बातमी ऐकून म्हणाली, "म्हणजे आता पावसाळ्यातसुद्धा तुझी कटकट ऐकायची का रे, सशा?"

ससा हे नाव दाजींनी ठेवलेलं, माझ्या कानांवरून. दाजी गेले, नाव राहिलं.

११ फेब्रुवारी

परवानगीच्या ऑफिसात दिवस गेला. लोकांना वाटतं हवा सगळ्यांची. हवा असेल, हवेतल्या वाटा नाहीत. कोणी कुठून कुठे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, ते या ऑफिसात ठरतं. एकाच वाटेवर दोघं बोलायला लागले तर ज्याचा आवाज मोठा त्याचंच ऐकू जातं, दुसरा नुसता ओठ हलवत राहतो.

आम्हाला इतक्या लांबच्या पल्ल्याला खालच्या पट्ट्यातली फ्रिक्वेन्सी लागते. वरच्या पट्ट्यातल्या पावसात विरघळून जातात. आणि खालचा पट्टा मोठ्या कंपन्यांनी आधीच वाटून घेतलाय. एक उरली होती. तिच्यासमोरही नाव निघालं. सर्वेक्षण खातं, खिंडीतलं केंद्र ते खोऱ्यातलं गाव. आमच्या रेघेला जवळपास चिकटून.

तिथल्या अधिकारी बाईंकडे दोन चष्मे आहेत, एक कागदांसाठी, एक माणसांसाठी. माझ्याशी बोलताना कागदांचाच लावून बसल्या.

"ही मोकळी नाही. नावावर आहे."

"पण वापरात आहे का, मॅडम?"

"ते मला इथे बसून कसं कळणार? खात्याला पत्र पाठवते. तुम्ही जाऊन ऐका."

ऐकायचं तर आपल्यासारखा माणूस नाही! मनोऱ्याच्या टोकावर असताना खाली ठेकेदारानं कुणाला शिवी दिली, ते मी वरून सांगायचो.

१९ फेब्रुवारी

खिंडीत जाऊन आलो. वाट अशी नाहीच, बकऱ्या जातात म्हणून वाट म्हणायचं. ओढ्याच्या काठावर उंच खांबांवर एक पत्र्याची पेटी, माणूस उभा राहील एवढी. दाराला कुलूप. माथ्यावर छोटासा अँटेना, त्यात पाखराचं घरटं. पेटीतून एक जाड पाइप खाली ओढ्यात उतरलेला. ओढा ठणठणीत कोरडा, पाइपाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलेलं.

पेटीला कान लावला. आत काही नाही. पंखा नाही, ट्रान्सफॉर्मरची घुरघुर नाही. आपल्या धंद्यातलं यंत्र जिवंत असलं की काहीतरी गुणगुणतंच.

"मेलेलं आहे," मी म्हटलं.

पेन्सिल सोलरच्या प्लेटकडे बघत होता. "वायर शाबूत आहे, दादा."

"मग? वायर चोरायला इतक्या वर कोण येणार? चोराला तरी गुडघे असतात की नाही?"

तरी आमचा रिसीव्हर तिथे लावून आलो. त्या फ्रिक्वेन्सीवर कोणी शिंकलं तरी पकडेल.

७ मार्च

रिसीव्हर उतरवला. चूं नाही. दिवस, रात्र, काही नाही. पेन्सिलला म्हटलं, अहवालात लिही, केंद्र बंद आहे.

तो थोडा वेळ पेन्सिल चावत बसला. मग म्हणाला, "ऐकू आलं नाही, एवढंच लिहितो. बंद आहे असं नाही लिहीत."

"दोन्हीत फरक काय?"

"फरक आहे म्हणून तर लिहीत नाही."

शिकलेल्या माणसाला एक साधं वाक्य लिहायला घाम फुटतो. मी हसलो आणि सही केली. मनात किंचित खुटखुट झाली, ती चढणीच्या थकव्याची असेल.

२० मार्च

मिळाली! पत्र परत आलं. त्या पत्त्यावर आता खातंच नाही. एकदा दुसऱ्या खात्यात विलीन झालं, मग ते तिसऱ्यात. हरकत घ्यायची मुदत संपली, हरकत कोणाचीच नाही.

बाई म्हणाल्या, "त्यांचं नाव मी खोडू शकत नाही. फ्रिक्वेन्सी तुम्हाला देते, पण तुम्ही दुय्यम. त्यांची तक्रार आली की त्याच क्षणी तुमचं बंद. आधी बंद, मग चर्चा. कबूल?"

"कबूल. पण मॅडम, जे बोलतच नाहीत ते तक्रार कशी करणार?"

बाईंनी चष्मा बदलला. पहिल्यांदाच माणसांचा लावला. "म्हणूनच तुमच्याकडून लिहून घेतेय," म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. माझे विनोद सहसा असे वाया जात नाहीत.

२ मे

तबकडी जुळली. आजकालची माणसं आकड्यांकडे बघून जुळवतात. मी कानात बझर घालून जुळवतो. तबकडी केसभर सरकवली की सूर चढतो, पुढे गेलं की पडतो, सगळ्यात उंच सूर लागला की बोल्ट आवळायचा. आज सूर असा लागला की अंगावर काटा आला. पलीकडे टाकीवर पेन्सिल होता, त्याच्या हॅलोला साधी खरखरसुद्धा नव्हती.

दिव्यांवर माझा भरवसा नाही, डोळा लागला की दिवा दिसत नाही. म्हणून गावाकडच्या टोकाला काही बिघडलं तर इथे जो लाल दिवा लुकलुकतो, त्यालाही बझर जोडून ठेवलाय. पेन्सिल म्हणतो हे कुठल्याच पुस्तकात नाही. म्हटलं, पुस्तकाला झोप लागत नाही म्हणून.

पहिला फोन आक्काला. म्हणाली, "अगंबाई, शेजारच्या खोलीतून बोलतोयस की काय!"

९ जून

गावात गेलो होतो. पावसाच्या आधी भोंग्याची चाचणी असते, ती आज होती. भोंगा पाण्याच्या टाकीवर, आमच्या तबकडीच्या जरा खाली. वाजला आणि कुत्री रडायला लागली. कान धरून बसलो. असल्या कानांचा हा तोटा.

खालच्या आळीत या भोंग्याला देवासारखं मानतात. तो वाजला की लोक हातातलं टाकून शाळेच्या टेकडीवर पळतात. नाही वाजला तर नदी दारात आली तरी हलत नाहीत. मागे एकदा कोणीतरी अफवा उठवली आणि पळापळीत एक म्हातारा चिरडला. तेव्हापासून भोंगा म्हणेल ते खरं.

नगरपालिकेचा कारकून किल्ल्यांचा जुडगा वाजवत टाकीवरून उतरला. आक्कानं ओट्यावरूनच त्याला हटकलं, "काय हो, वर ओढ्यापासून वाजवला की इथूनच कळ दाबली?"

"वाजला ना, आक्का? मग झालं तर."

"हे असते तर तुला पुन्हा वर चढवला असता."

मग चहा ढवळत ढवळत दाजींच्या गोष्टी निघाल्या. दाजी पाणी मोजणाऱ्या खात्यात होते, एवढंच मला माहीत. आमचं कधी फार जमलं नाही. आक्का म्हणाली, "यांच्या टेबलावर एक डबा असायचा. एरवी मढ्यासारखा पडलेला. वर ओढ्याला पाणी चढलं की त्याला कंठ फुटायचा. पहिल्या पायरीला एक टिचकी, दुसरीला दोन. चौथीला भोंगा आपोआप. तीन झाल्या की हे जेवता जेवता उठायचे आणि माझी ट्रंक माळ्यावर टाकायचे. मी आधी भांडायची."

मी हं हं करत होतो. खरं तर मोबाइलवर लिंकचा वेग बघत होतो, आक्काच्या घरात किती मिळतो ते. झकास मिळतोय.

"ऐकतोस सगळं," ती म्हणाली, "लक्ष कुठं असतं तुझं देव जाणे."

३० जून

अपेक्षेप्रमाणे दरड आली आणि जुनी केबल गेली. रस्ताही अर्धा गेलाय. पण यंदा गाव मुकं झालं नाही! दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला, "तुमच्यामुळे आज शहरातल्या सर्जनला विचारून एक बाळंतपण पार पडलं." फोन ठेवला आणि एकटाच खोलीत शीळ घालत फिरलो. सगळं खोरं आता माझ्या तबकडीतून बोलतं.

घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "मग एक दिवस आमच्याशीपण बोला." खरं आहे. पण हा पावसाळा मी इथेच काढणार. पहिल्या वर्षी यंत्राला एकटं सोडायचं नसतं.

१६ जुलै

तीन दिवस सूर्य नाही. डोंगराच्या पलीकडे, खिंडीच्या वरच्या अंगाला, पाऊस जास्त आहे. इथून दिसत नाही, ऐकू येतो. पत्र्यावरचा पाऊस वेगळा आणि त्याच्या मागचा हा वेगळा, कोणीतरी लांबून धान्य ओतत असल्यासारखा. रातकिडे गप्प झालेत. बेडूकसुद्धा. का कोण जाणे, आवडलं नाही.

पेन्सिल शहरात अडकलाय, घाट बंद.

१७ जुलै

सकाळी बझर खोकला. एकच टिचकी. मग शांत. मग पुन्हा एक. लिंक चालू होती, फोन चालू होते, गावाकडच्या टोकाला नुसता ओरखडा उठल्यासारखं. पावसात असं होत नाही. पावसात सूर हळूहळू पडतो, असा मोजून खोकत नाही. तबकडीच्या बोल्टवर संशय आला, भिजत चढून बघून आलो. बोल्ट पक्के.

दुपारनंतर दोन-दोन यायला लागल्या. टिक-टिक. थांबायचं. टिक-टिक. दवाखान्यातून तक्रार आली, बोलताना मधे शब्द तुटतो. फोनवरून पेन्सिलला विचारलं. तो म्हणाला, "कोणीतरी आपल्या फ्रिक्वेन्सीवर येतंय का, दादा?"

"या पावसात? कोण येणार? आपल्याशिवाय या वाटेवर आहे कोण?"

मी पॉवर वाढवली, यंत्र देईल तेवढी सगळी. बझर गप्प झाला. दवाखान्याचा आवाज पुन्हा काचेसारखा. त्या खोकणाऱ्याचं तोंडच बंद केलं म्हणा ना.

जेवण गेलं नाही. कारण लिहिण्यासारखं काही नाही.

१८ जुलै

हे संध्याकाळी लिहितोय. करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही. माथ्यावरून उतरायची वाट सकाळीच वाहून गेली.

चारच्या सुमाराला आक्काचा फोन आला. आवाज नेहमीचा. "सशा, पाणी खालच्या पायरीला लागलंय बघ. मागच्या वर्षी इतक्यात नव्हतं."

"भोंगा?"

"नाही ना वाजला. म्हणजे ठीक आहे सगळं. मी आपली बसलेय दारात बघत. आळीतले सगळे बसलेत, जत्रेसारखे."

मीसुद्धा म्हणालो, "मग बस निवांत." हे मी म्हणालो. लिहून ठेवतो.

ती हसली. "यांचा डबा असता ना, तर आता टिचक्या मारून मारून उठवलं असतं त्यानं घर."

आणि मला ऐकू आलं. आक्का नव्हे, कालचा बझर. सकाळी एक. दुपारी दोन. मग मी पॉवर वाढवली.

खिंडीतली पेटी, ओढ्यात उतरलेला पाइप, मढ्यासारखा पडलेला डबा. पाणी चढेपर्यंत ती पेटी बोलतच नाही. मी तिचं बोलणं ऐकायला गेलो तो कोरड्या ओढ्यात. ती कालपासून भोंग्याला हाका मारतेय आणि टाकीवर तिच्या तोंडासमोर मी ओरडतोय.

"आक्का, ऊठ. आत्ताच्या आत्ता टेकडीवर जा. सगळ्यांना घेऊन जा."

"काय झालं रे?"

"भोंगा वाजणार नाही. माझ्यामुळे वाजणार नाही. ऊठ तू."

"तुझ्यामुळे कसा वाजणार नाही? तू काय भोंग्याच्या तोंडात चिंधी कोंबलीस?" ती अजून हसतच होती. "यांनी बसवलेला भोंगा आहे तो. तुझ्यापेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा. मी एकटी उठून पळाले तर आळी हसेल मला. वाजला की निघतेच."

"आक्का, तुला माझी शपथ..."

"बरं बरं. ट्रंक तेवढी वर टाकते आधी." फोन बाजूला ठेवल्याचा आवाज. मग तिची पावलं, त्यांच्याखाली पाण्याचा चुबुक चुबुक. मी ओरडत राहिलो. ती आली नाही.

ती लाइन तशीच उघडी ठेवून दुसऱ्या फोनवरून नगरपालिकेला लावला. तोच कारकून. म्हटलं, कळ दाबा. तो म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत. मागे एकदा उगाच पळापळ झाली तर माणूस मेला. उद्या मला कोण वाचवणार? तुम्ही कोण म्हणालात?"

"टाकीवर ज्याची तबकडी आहे तो."

"मग तुम्ही तबकडी बघा. यंत्र आपोआप वाजवतं, वाजायचं असेल तर."

पुन्हा लावला, तो उचलेना. आक्काची लाइन अजून उघडीच. तिनं फोन जाग्यावर ठेवलाच नव्हता.

ट्रान्समीटरच्या खटक्यासमोर उभा राहिलो. बंद केला की पेटीची हाक भोंग्यापर्यंत जाईल, गेली तर. पण मग दवाखाना मुका, एक्स्चेंज मुकं, आणि आक्काचा तो उघडा पडलेला फोनही. पुन्हा तिला एक शब्द सांगता येणार नाही. कानाला लावला. पाणी, आणि लांबून कोणाचं तरी हसणं. अजून एकदा हाक मारली. अजून एकदा.

आधी बंद, मग चर्चा.

खटका ओढला.

खोलीतलं सगळं गुणगुणणं थांबलं. ही शांतता मला माहीत नव्हती. फळीवरचा जुना रिसीव्हर काढला, तोच, जो खिंडीत लावला होता, आणि कानाशी धरला. त्याच फ्रिक्वेन्सीवर, स्वच्छ, जवळून, जणू महिनोन्‌महिने माझ्या गप्प बसण्याची वाट बघत असल्यासारखं: टिक, टिक, टिक, टिक. थांबलं. पुन्हा चार.

चौथीला भोंगा आपोआप. चार कधीपासून होत्या, माझ्या आवाजाखाली, ते मला कळायला मार्ग नाही. भोंग्याच्या पेटीनं इतक्या वर्षांनी वरची हाक ओळखली का, तेही नाही. दरवर्षी चाचणीला कळ खालूनच दाबत होते.

गावाकडून येणाऱ्या सिग्नलचा हिरवा दिवा अजून लागलेला आहे. त्याचा अर्थ टाकी उभी आहे, एवढाच. दोन्ही बाजू चालू असल्याशिवाय फोन लागत नाही. खटक्याला मी हात लावणार नाही.

बाहेर येऊन उभा राहिलो होतो. खोऱ्याकडून वारा नाही. दोन्ही कानांमागे हात धरून ऐकलं. पाऊस, त्याच्या मागे ओढा, ओढ्याच्या मागे काहीतरी मोठं, एकसारखं. त्यात भोंगा असेल तर असेल.

आत आलो. रिसीव्हर कानाला.

पाच.

भोंगा ऐकू आलेला नाही. आक्काचं काही ऐकू आलेलं नाही. एवढंच लिहितो.